अपेक्षा कोणत्या बेटावर राहील

अकोला, १२ ऑगस्ट २०२३

चि. दीक्षास,

बाबांचा जयभीम आणि मंगल कामना. वि. वि.

न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन झालं, एवढं तुला फोनवर कळलंच आहे. बाकीचं फोनवर सांगणं मला जमत नाही. तू माल्टाहून बोलतेस, मला इकडे नुसती घूं घूं ऐकू येते. मधे अपेक्षा ओरडून सांगते, पण तिला हवं तेवढंच सांगते. तिकडे निकोबारला नीलमचा फोन तर दर वाक्याला तुटतो. म्हणून दोघी बहिणींना हे पत्र.

अमरावतीचं घर बंद करून मी आणि अपेक्षा सध्या अकोल्यात तुझ्या भागीरथाआत्याकडे आहोत. आत्या मायेनं करते. पण दोन खोल्या, तिच्या मुलाचं, चंद्रभानचं, बिऱ्हाड, तिचे स्वतःचे गुडघे धरलेले. डॉक्टर म्हणतात, मी वर्षभर तरी काठीशिवाय चालणार नाही. जावई ललितराव वारले आणि तू परदेशी गेलीस तेव्हा नातीची जबाबदारी मी छाती ठोकून घेतली होती. आता तिची वेणी घालायलासुद्धा मला उभं राहवत नाही. तिची शाळा बुडते आहे.

नीलम म्हणते, तिला माझ्याकडे पाठवा. तुझा जीव तर लेकीत अडकलेलाच. तेव्हा दोघींनी आपापलं बेट कसं आहे ते मला लिहा. राहणं, खाणं, शाळा, दवाखाना, लोक पोट कशावर भरतात, सगळं. बडनेऱ्याला जन्मभर मी मालगाड्यांचे डबे तपासले, समुद्र पाहिला नाही. म्हणून मला फसवणं सोपं आहे. तसं करू नका.

माया कमी होऊ देऊ नये.
तुझा,
धर्मपाल


मोस्टा, माल्टा, २ सप्टेंबर २०२३

ती. बाबांस,

दीक्षाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून पहिले मी रडून घेतलं, मग लिहायला बसले. तुम्ही म्हणालात तसं खरं लिहिते.

हे बेट म्हणजे पिवळट दगडाचं एक मोठं गाव. माणसं जवळजवळ आपल्या अमरावती शहराएवढी, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला तासभर पुरतो. नदी नाही, डोंगर नाही. पिण्याचं पाणीसुद्धा समुद्राचं, मीठ काढलेलं. बटाटे, कांदे थोडे पिकतात, बाकी सगळं जहाजानं येतं. तरी दुकानात नाही असं काही नाही. लोक पर्यटकांवर जगतात, बँकांवर जगतात आणि घरं भाड्यानं देऊन जगतात. भाड्यानं घेणारे आम्ही. फिलिपिन्स, नेपाळ, केरळ, आणि एक मी वऱ्हाडची. संत्र्याला इथं लारिंज म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, दुकानदार आपल्याकडचा नारिंगीवाला आहे.

दवाखाने उत्तम. शाळा चांगल्या. रस्त्यावर पोरीबाळींना भीती नाही. पण मी इथं नर्स नाही बाबा, वृद्धाश्रमात केअरर आहे. नर्स व्हायला इथली नोंदणी लागते, तिची परीक्षा राहिली आहे. केअररच्या पगारावर सरकार मूल आणू देत नाही, आणि घर स्वतंत्र लागतं. आम्ही एका फ्लॅटमध्ये सहा बायका. माझ्या खोलीत दोन पलंग, त्यांतला एक माझा. पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. घरमालकीण जिन्यात भेटली की हसते, पण आमची नावं तिला येत नाहीत.

मला एक वर्ष द्या. तोवर काय करायचं ते तुम्ही ठरवा. मला ठरवता येत नाही.

खुब्याला जपा. लोभ असाच राहो.
तुमची,
दीक्षा


कार निकोबार, १४ सप्टेंबर २०२३

ती. बाबांस,

नीलमचा जयभीम. वि. वि.

आत्या मला काळ्या पाण्यावर गेलेली म्हणते, म्हणून आधी तिच्यासाठी लिहिते. इथलं पाणी निळं आहे.

बेट ताटासारखं सपाट आणि काठानं नारळ. माणसं बडनेऱ्याहूनही कमी. पोर्ट ब्लेअरहून जहाज येतं, ते आलं की बाजार भरतो. समुद्र खवळला तर जहाज लागत नाही. मग टमाटे, बटाटे संपतात आणि आम्ही डाळ, मासे, केळी खातो. वीज जनरेटरची, जाते येते. दवाखाना बरा आहे, पण मोठं काही झालं तर हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागते. मलेरिया अजून होतो. जमीन अधूनमधून हलते. हे सगळं आधी सांगितलं, म्हणजे लपवलं असं कोणी म्हणणार नाही.

आता दुसरी बाजू. इथले निकोबारी लोक तुहेतमध्ये राहतात. तुहेत म्हणजे मोठं एकत्र कुटुंब. नारळाच्या बागा, डुकरं, होड्या सगळ्या कुटुंबाच्या. खोबरं वाळवून विकतात. त्यातून तेल, कपडे, मोबाइल येतात, बाकी जेवण बागेतलं नि समुद्रातलं. जमीन विकत नाहीत. माझ्यासारख्या बाहेरच्याला तर इथं एक वीतही घेता येत नाही, नोकरी आहे तोवरच राहायचं. सुनामीत किनाऱ्यावरची गावं गेली, तेव्हा मेलेल्यांची पोरं त्याच कुटुंबांत वाढली. अनाथ कोणाला म्हणायचं, हे त्यांना समजावून सांगावं लागतं.

दवाखान्यानं नर्स म्हणून दिलेलं माझं क्वार्टर दोन खोल्यांचं. मी ड्युटीवर असले तरी शेजारच्या तुहेतमध्ये कोणी ना कोणी घरी असतं. शाळा दवाखान्याला लागून, शिकवणं हिंदीत. अमरावतीएवढं चांगलं मात्र नाही. बाहेरच्याला बेटावर राहायला सरकारी पास लागतो, भाची म्हणून तिचा मिळवावा लागेल, मी साहेबांना विचारून ठेवलं आहे.

ताईला वाईट वाटू नये. पण पोरगी वाढवायला मला आवडेल, हेही खरंच आहे.

कृपादृष्टी आहेच, ती राहू द्यावी.
तुमची,
नीलम


अकोला, १० ऑक्टोबर २०२३

चि. दीक्षास,

जयभीम. वि. वि.

दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. भागीरथालाही वाचून दाखवली. ती तुझ्या बाजूनं. म्हणते, लेकरू मायजवळ पायजे, त्याले समुद्रात काहून टाकून राहिले तुमी? आणि समुद्रात काय एकच बेट आहे, असं विचारल्यावर म्हणते, फॉरेनचा समुद्र येगळा असते.

मी मात्र नीलमकडे पाठवायचं ठरवलं. तुझ्याकडे दवाखाना आहे, शाळा आहे, पण पोरगी दुपारी घरी आली तर दार उघडायला कोणी नाही. तिकडे टमाटे नाहीत, पण दार उघडायला माणूस आहे. वर्षाचा प्रश्न आहे. तू परीक्षेचं बघ.

अपेक्षाला विचारलं. तिनं एवढंच विचारलं, की तिथून आई दिसते का.

माझ्यावर राग धरलास तरी पत्र लिहीत राहा.
तुझा,
धर्मपाल


मोस्टा, ६ जानेवारी २०२४

प्रिय नीलमला,

ताईचा जयभीम. वि. वि.

अपेक्षा पोचली, वाटेत तिला सोडायला आलेल्या चंद्रभानदादाला बोट लागली आणि तिला नाही, हे कळलं. हसू आलं. दादा परत अकोल्याला जाऊन अजून जमीन हलते म्हणतो, असं आत्यानं कळवलंय.

तिला उजव्या कुशीवर झोपायची सवय आहे. वांगं खात नाही, पण भरताला वांगं म्हणत नाही, तेवढं साधून घे. डोक्याला तेल लावताना ती सगळं बोलते, एरवी नाही. आणि नीलम, ती तुला चुकून आई म्हणाली तर ओरडू नकोस. मला सांगूही नकोस.

तुझ्या लग्नाचं आता काय? आत्या म्हणते, पोरगी आयती मिळाल्यावर ही कशाला नवरा पाहते.

माझ्यावर लोभ ठेव, लेकीवर जरा जास्त.
तुझी,
ताई


कार निकोबार, ३० जून २०२४

ती. ताईस,

नीलमचा जयभीम. वि. वि.

आधी हे वाच: अपेक्षा बरी आहे, आत्ता माझ्यासमोर बसून केळं खाते आहे.

आता सांगते. तिला मलेरिया झाला. ताप डोक्यात गेला. वाऱ्यामुळे दोन खेपा जहाज लागलं नव्हतं, हेलिकॉप्टर उडत नव्हतं. औषध आमच्याकडे होतं, ते सुरू केलं, पण ती बरळायला लागली तेव्हा, ताई, मी नर्स राहिले नाही. पोर्ट ब्लेअरला न्यावं लागलं तर कशी नेणार, हाच विचार. वाटलं, हिला माल्टाला पाठवली असती तर दहा मिनिटांत मोठ्या दवाखान्यात असती. 

शेजारच्या तुहेतमधली आजी आली आणि गेलीच नाही. तिच्या सुना पाळीपाळीनं बसल्या. एक जेवण आणायची, एक कपडे धुवायची, एक मला ओढून झोपायला लावायची. ताप उतरला तेव्हा खोलीत मी सोडून पाच बायका होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

तुला तेव्हाच कळवलं नाही, कारण लाइन नव्हती. असती तरी कळवलं असतं का, सांगता येत नाही. रागव, पण लिही.

तुझीच,
नीलम


मोस्टा, ३ ऑगस्ट २०२४

प्रिय नीलमला,

जयभीम. वि. वि.

रागावले. तीन दिवस रागावले. मग आमच्या वृद्धाश्रमातल्या एक बाई गेल्या. मोठं घर, बंदरात स्वतःची बोट, मुलगा ह्याच बेटावर, अर्ध्या तासाच्या वाटेवर. तो सकाळी आला. रात्री हात धरून मी बसले होते, कारण ती माझी पाळी होती. तुझ्या पत्रातल्या पाच बायका सारख्या डोळ्यांसमोर येत होत्या. मग राग गेला.

पण नीलम, मी आई आहे. पुढल्या वेळी ताप चढेल तेव्हा सहावी मी असायला पाहिजे. परीक्षेला बसते आहे. पास झाले की नर्सचा पगार, मग घर, मग तिचा परवाना. मला मागे ओढू नकोस.

त्या आजीला माझा नमस्कार सांग. कसा करायचा तो तूच ठरव.

तुझी,
ताई


पोर्ट ब्लेअर, २४ एप्रिल २०२५

ती. बाबांस,

दीक्षाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही काठी सोडून अमरावतीच्या घरी परतलात, हे नीलमकडून कळलं. मी आणि अपेक्षा पुढच्या आठवड्यात तिथं येतो, मग माल्टा. नीलमबद्दल आत्ताच लिहिते, कारण समोर आले की बोलता येणार नाही.

परीक्षा झाली, नोंदणी मिळाली, दोन खोल्यांचं घर मिळालं. पगाराचा मोठा भाग त्यातच जाईल, पण दार आमचं. परवाना हातात आल्यावर मी कार निकोबारला गेले. अपेक्षा धक्क्यावर आली होती. खांद्याला लागते आता. पाहुणीला दाखवावं तसं तिनं मला बेट दाखवलं. हे आमचं तळं, हे आमचे नारळ. आमचे म्हणजे तुहेतचे.

शेवटच्या दिवशी आजीनं जेवायला बोलावलं. डुक्कर कापलं होतं. एक सून हिंदीत सांगत होती. आजीनं विचारलं, तिकडे तुमच्या घरात किती माणसं? मी म्हटलं, दोन. सुनेनं सांगितलं तर आजीनं पुन्हा विचारलं. तिला वाटलं, सुनेला माझं हिंदी कळलं नाही. मी दोन बोटं दाखवली. मग ती अपेक्षाच्या ताटात वाढत राहिली.

त्या रात्री मी नीलमला म्हटलं, हिला इथंच ठेवू का? नीलम भांडी घासत होती. म्हणाली, तुझी लेक आहे, घेऊन जा, आणि परत मला हे विचारू नको. पाठ फिरवूनच म्हणाली. आमचं जहाज सुटायचं तेव्हा तिची सकाळची ड्युटी होती, बदलून घेता आली असती. तिनं घेतली नाही.

आम्हाला पोचवायला धक्क्यावर आजीचं अख्खं कुटुंब आलं होतं, तान्ह्या पोरांसकट. एक पोरगी जाते म्हणून एवढी माणसं. जहाज सुटल्यावरही ती सगळी तशीच उभी होती. अपेक्षा कठड्याला धरून होती, रडली नाही. किनारा दिसेनासा झाल्यावर तिनं विचारलं, तिकडे आपल्याला घ्यायला कोण येणार? मी खरं सांगितलं. कोणी नाही, विमानतळावरून आपण दोघीच बसनं घरी जाऊ.

 ती म्हणाली, बसचा नंबर सांगून ठेव. तू झोपली तर मी तुला उतरवीन.

भेटीपर्यंत माया असू द्यावी.
तुमची,
दीक्षा