रिकाम्या तलावातला उजेड

४ जानेवारी
मॅडमशेजारची खुर्ची आज पुन्हा शहाण्याला! मी उभीच.

त्याचं खरं नाव वेगळं, पण इथे मी शहाणाच लिहिणार. आर्किटेक्टचं शिकलाय ना! मी काय— गावं बदलली, नोकऱ्या सोडल्या, बारावी अर्धवट.

मॅडम उजेडाची प्रदर्शनं मांडतात, आम्ही दोघं मदतनीस. काम मात्र झकास. जुना बंदिस्त पोहण्याचा तलाव, पाणी कधीच काढलेलं, नुसत्या निळ्या फरशा. छताला तारांनी आरसे टांगलेत, प्रत्येकाला छोटी मोटर. आरसा वळला की उजेडाचा गोळा भिंतीवरून सरकतो, खांबाला वळसा घालतो, उतारावरून खोल टोकाकडे घरंगळतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जेवायचंच विसरले.

हे संपलं की मॅडम पुढच्या शहरात जाणार. आमच्यापैकी एकालाच नेणार. मला जायचंय!!

७ जानेवारी
आणि माझं काम काय? तर चालणं! कमरेला एक डबी बांधतात, मी कुठे वळले ते ती कॉम्प्युटरला कळवते. मी तलावात फिरायचं, उजेड माझ्या मागे मागे. शहाणा वर बसून कॉम्प्युटरवर बोटं नाचवतो.

आज एका फुटक्या फरशीतून मुंग्यांची रांग निघाली होती. बघतच बसले. एकदम कामाची आठवण झाली, मागे फिरले. वाटलं आता मॅडम ओरडणार. तर म्हणाल्या, "चालू दे गं, चालू दे." आणि शहाण्याच्या कानात काहीतरी कुजबुजल्या. दोघं हसले.

अंगाचा तिळपापड!

८ जानेवारी
मुद्दाम नीट चालले. सरळ रेषेत, पाठ ताठ. तर शहाणा वरून म्हणतो, "परेड आहे का ही? कालच्यासारखी भटक की!"

टोमणा मारतो मेला. भटकले मग— रागारागाने, खिडकीकडे धूम ठोकून.

११ जानेवारी
आत्या म्हणाली, "तोंड का पाडलंयस? त्या पोराने काय तुझा घास काढून घेतला?"
म्हटलं, हो.
"मग तूही चार बुकं शिकायची होतीस."
हिच्याकडे राहते म्हणून ऐकून घेतलं.

१५ जानेवारी
उद्घाटन! आत्याला घेऊन गेले. सगळे वरच्या कठड्याला टेकून उभे, तलावात कुणीच नाही. दिवे मालवले. उजेड एकटाच आला.

उतारावरून निघाला. मध्येच थबकला. फुटक्या फरशीपाशी रेंगाळला, काहीतरी आठवल्यासारखा मागे फिरला, आणि एकदम खिडकीकडे धूम! लोक हसले. आत्या तर मोठ्यांदा— "अगं बाई, हा तर तुझ्यासारखाच उंडारतोय!"

मी कठड्यावरून पार वाकले.

शहाणा शेजारी येऊन म्हणाला, "तुझीच चाल आहे. डबीतून उतरवून घेतली. आधी मी चालून पाहिलं होतं, उजेड नुसता ठोकळा दिसायचा. जाम जळायचो तुझ्यावर."

माझ्यावर! शहाणा!

घरी येताना रस्ता चुकले. आत्याने वाटभर शिव्या घातल्या. आता मलाच नेणार, दुसरं कोण! बॅग काढून ठेवली.

१७ जानेवारी
मॅडम शहाण्याला घेऊन गेल्या. मी विचारलं, मी का नाही? किती प्रेमाने गालावरून हात फिरवला त्यांनी. म्हणाल्या, "तुला कशाला त्रास, बाळा? तुझी चाल आहे ना आमच्याकडे."