माझ्या खिडकीखालचा पाइप

मी, वेल्डिंगच्या कारखान्याच्या माडीवर राहणारी, व्यवसाय घरकाम आणि शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने, कोणाच्या सांगण्या-दटावण्याशिवाय लिहीत आहे. चित्त ठिकाणावर आहे असे लिहावे लागते, म्हणून लिहिते. खरे तर डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न विचारल्यापासून ते पुरते ठिकाणावर आलेले नाही. पण कोणाला काय द्यायचे, एवढे मला स्वच्छ कळते.

१. कारखान्याची जागा, शेड आणि वरची माडी माझ्या वडिलांनी माझ्या नावे केली होती. ती सर्वस्वी माझी आहे. धंदा माझे पती आणि माझे दीर यांच्या भागीदारीत आहे. त्यातले त्यांचे हिस्से त्यांचेच, त्यांना मी हात लावत नाही.

२. ही सारी जागा मी माझ्या पुतणीला, म्हणजे दिरांच्या मुलीला देत आहे. का, असे दीर विचारतीलच, म्हणून कारणही लिहून ठेवते.

खाली वेल्डिंग करणारा यांत्रिक हात आला तो तिच्या हट्टाने. कामगार त्याला जावई म्हणतात. काचेच्या खोलीत बसतो, त्याचे सारखे कौतुक करावे लागते आणि तो रुसला की सगळ्यांचा खोळंबा होतो. त्याला काम शिकवते पुतणी. त्याच्या डोक्यावर मोठे झाकण आहे, ते सगळा धूर ओढून पाइपाने बाहेर टाकते. आमचा जुना वेल्डर, ज्याला सगळे ठिणगी म्हणतात, पूर्वी खोकून खोकून ओणवा व्हायचा. जावई आल्यावर त्याची छाती मोकळी झाली. शेडच्या दुसऱ्या टोकाला कोण उभे आहे, ते या टोकावरून ओळखू येऊ लागले. मला मनापासून बरे वाटले होते.

त्यानंतर मला खोकला लागला. वय झाले, असे मी म्हणाले. घरातही सगळे तसेच म्हणाले. धुराचा वास तर लग्न झाल्यापासून नाकात बसलेला, तो वाढला हे मला कळलेच नाही.

छातीचा फोटो पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारले, "वेल्डिंग किती वर्षं केलंत?"

वेल्डिंगचे हत्यार मी कधी हातातही धरलेले नाही, असे मी सांगितले. फोटो माझाच ना, हे पाहायला त्यांनी त्याच्या पाकिटावरचे नाव पुन्हा वाचले. माझ्या फुप्फुसांत धातूचा धूर बसला होता. फुप्फुसे आखडली होती आणि ती आता पूर्ववत होणार नव्हती.

परत येऊन हे मी खाली शेडमध्ये सगळ्यांना सांगितले. पुतणी तडक वर गेली. मी जिच्यापाशी शिवायला बसते ती खिडकी उघडून ती खाली वाकली. पाइपाचे तोंड खिडकीच्या हातभर खाली होते. नकाशात तो छपराच्या वर जात होता, पण तो बसवला तेव्हा ती बाहेरगावी मशीन शिकायला गेली होती. तिने खाली येऊन बापाला सगळ्यांदेखत विचारले. पाइप वर नेला असता तर कारखान्याची पाटी रस्त्यावरून दिसली नसती, असे दीर म्हणाले.

पाटीसाठी.

मी पतींकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

ते म्हणाले, "मला वाटलं, तू खिडकी बंद ठेवत असशील."

पुतणीने जावयाचे लाल बटण दाबले आणि पाइप छपरावर जाईपर्यंत तो सुरू करणार नाही, असे बापाला तोंडावर सांगितले. कामे अडली. दिरांनी तिच्याशी बोलणे टाकले, ते अजून सुरू केलेले नाही. तोवर मी हाताने करतो, असे ठिणगी म्हणाला, पण पुन्हा त्याच्या छातीत धूर नको म्हणून तिने त्याला वेल्डिंगचे हत्यार उचलू दिले नाही. मग तो शिडी लावून वर चढला, पाटी मधोमध कापून खाली उतरवली आणि पाइप छपराच्या पार नेला. हे त्याने कोणालाही न विचारता केले.

३. जावयाला मोडीत काढू नये. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने धूर बाहेर टाकला. बाहेर म्हणजे कुठे, हे माणसांनी ठरवले. आता पाइपात गाळणी बसवली आहे, ती वेळच्या वेळी साफ व्हावी. पाइप कधीही खाली आणू नये. ही जागा ज्या कोणाकडे जाईल, त्याच्यावर ही अट बंधनकारक राहील.

४. शिलाई मशीन ठिणगीच्या बायकोला द्यावे. ती अजून बाही उलटी जोडते, पण शिकेल. कात्री मात्र पुतणीची. ती तिने लहानपणीच मागून ठेवली आहे.

५. पाटीचे दोन्ही तुकडे मागच्या भिंतीला टेकून आहेत. ते दिरांना द्यावेत. त्यांनी ते कुठेही लावावेत, माझी हरकत नाही.

६. पतींना मी काही ठेवलेले नाही. पुतणीची हरकत नसेल, तर त्यांनी माडीवर राहावे. तू रागावलीस का, असे ते रोज विचारतात. राग आला असता तर भांडता आले असते. मी त्यांच्याकडे बघते आणि इतकी वर्षे समोर बसून जेवलेला हा माणूस कोण, तेच मला उमगत नाही.

मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकिलांनी बजावले. पतींना ती अडचण नाही. म्हणून दुसरी साक्ष त्यांची घेतली आहे. हा सगळा मजकूर मी त्यांना समोर बसवून वाचून दाखवला. खिडकीचे वाक्य काढता येईल का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणाले. सहीच्या वर स्वतःचे काही लिहायचे असेल तर लिहा, असेही सांगितले.

स्थळ: कारखान्यावरची माडी
दिनांक: आजचा, सोमवार, कारखान्याची सुट्टी

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिल्या: (सही) डॉक्टरीणबाई. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. त्यांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरे: (सही) मृत्युपत्र करणारीचे पती. मजकूर ऐकला. खिडकी रोज उघडी असायची, हे मला ठाऊक होते.