विमानातल्या बाईची ओटी

आई, तुला अक्षर लावता येत नव्हतं, म्हणून आलेली पत्रं तुला मीच वाचून दाखवायची. आता हेही लिहायचं मी आणि वाचायचंही मीच.

आपल्या संस्थानात महाराजांनी शाळा सक्तीची केली आणि घरात वाचता येणारी मी एकटी झाले. पहिलं महायुद्ध चालू होतं, दादा पलटणीबरोबर बसऱ्याकडे लढाईवर गेलेला. त्याच्या एका पत्रात होतं, वरून विमानं बॉम्ब टाकतात, झोप लागत नाही. ते मी तुला जसंच्या तसं वाचलं, अक्कल कुठली! तू उखळात मिरच्या कांडत होतीस, तुझा हात थांबला. धीर द्यायचा म्हणून मी मास्तरीणबाईंनी पेपरातून वाचलेलं सांगून टाकलं, की परमुलखात लढाईतलं विमान एक बाईसुद्धा चालवते.

"बाई?" तू मुसळ खाली ठेवलंस. "मग ती कशाला टाकंल कुणाच्या पोरावर? तिलाबी पोटची पोरं असत्याल की."

त्या शुक्रवारी अंबाबाईला तू दोन ओट्या नेल्यास. दोन खण, दोन नारळ. पुजारी विचारतो, दुसरी कुणाची? तू ठसक्यात सांगतेस, "हाय एक बाई. विमानात असती." मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर मात्र मी हातांना दोन सुपं बांधून अंगणभर उडत होते. मोठी झाले की विमान चालवायचं, हे माझं ठरलं होतं. तू पाहिलंस आणि पाठीत धपाटा घातलास. "कुणाची आई रडवायची हाय तुला?"

दिवाळीच्या आधी पलटणीचं पत्र आलं. दादा विमानातून पडलेल्या बॉम्बनं गेला होता. तेही मीच तुला वाचून दाखवलं. तू विचारलंस, "बाई हुती का गं त्यात?" पत्रात तसलं काहीच नव्हतं. मी म्हणाले, "न्हाय आई, बाप्या हुता." तू मान हलवलीस, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा दोन नारळ घेतलेस. तू जाईपर्यंत ते सुटलं नाही.

पुढच्या महायुद्धात बायकांनी खरोखरच विमानं नेली आणि बॉम्ब टाकले. पेपरात आलं होतं. तेव्हा तू नव्हतीस, बरं झालं.

हा कागद आता चुलीत जाईल. त्याआधी एक सांगते. ती बातमी वाचताना मला आधी दादा आठवायला हवा होता. आधी त्या बायकांचा हेवा वाटला.