तोळा बारा माशांचाच धरावा

मी, श्रीमती अंजना गणपतराव सरनाईक, वय वर्षे ७३, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, आज डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता (दडपण आजवर मीच इतरांवर आणलं आहे) माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही; नुसत्या धमक्या दिल्या आहेत.

१. राहतं घर मुलगा राजवर्धन याला. वरच्या खोलीत त्याने पुन्हा जिम काढू नये.

२. शिलाई मशीन सून प्रीती हिला. यजमान गेल्यावर याच मशीनवर फुटबॉल संघांच्या जर्सी शिवून मी घर चालवलं. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या संघांच्याही शिवल्या. शिव्या दोघांकडून खाल्ल्या.

३. सोनं. इथे खुलासा आवश्यक आहे.

सासूबाईंचं दहा तोळे सोनं होतं, जुन्या मापाचं. त्या मापात तोळा म्हणजे बारा मासे, साडेअकरा ग्रॅमच्या वर. (राजवर्धन, मासा हे वजन आहे, रस्सा नव्हे.) हल्लीचा बाजारचा तोळा दहा ग्रॅमचा. सासूबाईंच्या मागे दोन्ही घरांनी पाच-पाच तोळे घ्यायचं ठरलं. धाकटे दीर विजयसिंह यांनी माझ्या हातावर पन्नास ग्रॅम ठेवले आणि उरलेलं सगळं उचललं.

"तोळा म्हंजे धा ग्रॅम, वैनी. मासं आता कोण मोजतंय?"

आमचं बोलणं बंद झालं.

पुढे त्यांच्या भैरवीचं लग्न ठरलं. ही पोरगी बापाला न जुमानता माझ्याकडे शिवण शिकायला यायची. मी तिला तोळ्याचं गंठण कबूल केलं आणि घातलं दहा ग्रॅमचं. भाऊजींनी भर मांडवात वजन विचारलं आणि ओरडले, "ह्यो कसला तोळा? आपल्या घरात तोळा बारा माशांचा असतोय! पावण्यांसमोर आमची लाज काढतायसा व्हय?"

"व्हय? मग तसलं पाच तोळं म्हंजे किती ओ, भाऊजी?"

नवऱ्यामुलाचे मामा सराफ. त्यांनी मोबाईलवर आकडा काढून मोठ्यांदा सांगितलं, "अठ्ठावन्न ग्रॅम की! आन् वर थोडं."

भाऊजी लगबगीनं जेवणाची व्यवस्था बघायला गेले. भैरवीच्या तोळ्यात कमी पडणारे मणी माझ्या पर्समध्ये तयारच होते. ते मी तिथेच तिच्या हातात दिले.

आठवड्याभरानं भाऊजी दारात आले. सव्वाआठ ग्रॅमची साखळी मशीनवर ठेवली आणि म्हणाले, "चहा टाका." मी टाकला. तेव्हापासून रोज येतात आणि साखर कमी आहे म्हणतात.

सबब, हे सर्व सोनं भैरवीला द्यावं. साखळीत अर्धी गुंज कमी भरते, ती मी माफ केलेली नाही. भैरवीने ती बापाकडून वसूल करावी. मात्र माझ्या बाराव्यानंतर.

४. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार घेऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून भाऊजींना मुद्दाम बोलावलं आहे.

स्थळ : कोल्हापूर
दिनांक : ९ जानेवारी २०२५
(सही) अंजना गणपतराव सरनाईक

साक्षीदार :
१) (सही) सम्राट आकाराम इंगवले, शेजारी
२) (सही) विजयसिंह सरनाईक, दीर. सही वैनींनी माझ्यासमोरच केली, हे खरं हाय. मजकूर मान्य न्हाय.