एक तक्रार, बेचाळीस घरं

१९ मे, सोमवार

गेली! चार वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. वारा असा सुटला की वरच्या पाड्यावरच्या कुणाचा तरी पत्रा उडून आमच्या अंगणात आला, आणि वळणावरचा विजेचा खांब माझ्या डोळ्यांदेखत आडवा झाला.

शशिकांत म्हणाला, "येईल गं तासाभरात."

यानेच दोन वर्षांपूर्वी बेव्हर्ली पार्कातला फ्लॅट विकून शहराबाहेर वरसाव्याला हे घर घेतलं. फुप्फुसं निम्मी गेलेली, डॉक्टर म्हणाले शुद्ध हवा हवी. मिळाली हवा आज – पत्र्यासकट!

तक्रार नोंदवली. फोनवरच्या बाईला सांगितलं, माझ्या नवऱ्याला ऑक्सिजनचं मशीन लागतं, ते विजेवर चालतं. ती म्हणाली, "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. आपला दिवस शुभ असो."

२० मे, मंगळवार

इन्व्हर्टर अडीच तास चालला. दुकानदार आठ तास म्हणाला होता. बहुतेक सगळं बंद ठेवल्यावर आठ तास.

आता ऑक्सिजनचा मोठा सिलेंडर. दोन वर्षं कोपऱ्यात उभा होता, मी त्यावर टॉवेल वाळत घालायचे. आज त्याचा काटा दर अर्ध्या तासाने बघतेय. शशिकांत मुद्दाम नळी काढून बसतो – "वाचवतोय." कुणासाठी? पाहुण्यांसाठी?

हायवेवरच्या धाब्यावर फोन चार्ज केला. एक चहा, वीस टक्के. मेसेज आलेला – 'वीजपुरवठा पूर्ववत करण्याचे काम युद्धपातळीवर सुरू आहे.' युद्ध कुठे चाललंय ते कळवा, बघायला येते.

२१ मे, बुधवार

युद्धपातळी आली. एक माणूस. पडलेल्या खांबाचा फोटो काढला, गेला.

२२ मे, गुरुवार

संपदाचा फोन. माझी सख्खी धाकटी बहीण, शहरात इंद्रलोकला दहाव्या मजल्यावर राहते, मुलगा सार्थकसोबत. "ताई, इकडे या ना! आमच्याकडे लिफ्टलासुद्धा बॅकअप आहे." मी पिशवी भरायलाच घेतली होती. तेवढ्यात म्हणाली, "फक्त ते मशीन फार आवाज करतं का गं? सार्थकचं वर्क फ्रॉम होम चालू असतं." मी म्हटलं, करतं. जिवंत माणूस जोडला की जरा आवाज होतोच.

शशिकांत तरी कुठे हलायला तयार आहे! "हॉस्पिटल नको. मागच्या वेळी अकरा दिवस ठेवलं होतं." मग दोघंही मेणबत्तीत खिचडी खात बसलो. तो म्हणाला, "किती शांत आहे नाही?" पातेलं डोक्यात घालावंसं वाटलं.

सिलेंडरवाल्याची गाडी अडकलीय. "कल पक्का, मॅडम."

२३ मे, शुक्रवार



सकाळी काटा लाल पट्ट्यात. शशिकांतचे ओठ निळसर. बोलताना शब्द तुटत होते. ॲम्ब्युलन्सला फोन केला – "घोडबंदर रोडपे पेड गिरा है मॅडम, दो घंटा लगेगा." रडले नाही. ओरडले. बहुतेक सगळ्या पाड्याने ऐकलं.

कारण दारात आनंदीबाई. पाड्यावरच्या. रविवारी त्यांच्या लेकीचं, नेहाचं लग्न, दारात मांडव. गेल्या मेमध्ये त्यांच्या पुतण्याच्या हळदीला डीजे लागला तेव्हा पोलिसांना फोन कुणी केला? मी. नाव-पत्ता सांगून! तेव्हापासून त्या रस्त्यात दिसल्या की मी भाजीच्या पिशवीत काहीतरी शोधते.

"मशीनला करंट पायजे ना? मांडवान जनरेटर हाय. चला."

मी काहीतरी बोलायला गेले – ते गेल्या वर्षीचं –

"ते मंग बोला. पैला मानूस उचला."

त्यांच्या मुलाने, विठूने आणि आणखी दोघांनी शशिकांतला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं. मी मागे मशीन घेऊन. नवरीच्या आधी आमचीच वरात मांडवात शिरली! बाहेरच्या खोलीत खाट टाकून दिली, वायर लावली. मशीन सुरू झालं. वीस मिनिटांत ओठांना रंग आला. पहिलं वाक्य काय? "विठू, तुमच्याकडे हवा छान येते रे."

२४ मे, शनिवार

हळद. चारशे माणसं, आणि मधोमध खाटेवर माझा नवरा, नाकात नळी.

सहा वाजता डीजे सुरू. प्रत्येक ठोक्याला जनरेटर गचके खायचा आणि मशीन किंचाळायचं – टीं टीं टीं. मी स्विच धरून बसले, जणू धरल्याने काही होणार होतं. विठू आत आला, मशीनकडे बघितलं, शशिकांतकडे बघितलं. बाहेर गेला.

"बंद कर."

"अरे विठूदादा, हलद हाय!"

"बोललो ना, बंद."

गेल्या वर्षी पोलिसांना जमलं नव्हतं ते एका नळीने केलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पोरं तोंडं पाडून उभी. नेहा आत आली, कोपरापर्यंत पिवळी. शशिकांत म्हणाला, "लाव गं डीजे. मी तासभर काढतो सिलेंडरवर."

"सिलेंडर संपलाय, काका. गप पडा."

मग आनंदीबाईंनी चार म्हाताऱ्या जमवल्या आणि जुनी हळदीची गाणी सुरू केली. नुसते गळे. जेमतेम सूर. हळूहळू पोरंसुद्धा टाळ्या धरायला लागली. मला एक ओळ कळली नाही, पण मीही धरल्या.

गालाला हळद लागलेला शशिकांत ढाराढूर. सहा दिवसांत पहिल्यांदा.

२५ मे, रविवार

लग्न लागलं. आनंदीबाई पाठवणीला रडल्या, मग मलाच दटावलं – "तुमी कनाला रडता?"

२६ मे, सोमवार

लाईट आली. फक्त आमच्याकडे.

वायरमन म्हणाला, तुमची मेडिकलची तक्रार, म्हणून दुसऱ्या लाईनवरून जोड दिलाय. पाड्याचा ट्रान्सफॉर्मर जळलाय, तो पुढच्या टप्प्यात. "मोबाईलवर ओटीपी आलाय ना मॅडम? सांगा, तक्रार क्लोज करतो."

"आणि पाड्याची तक्रार?"

"त्या एकेचाळीस घरांची तुमच्याच नंबरात जोडलीय. एकदम क्लोज होईल सगळी."

म्हणजे पाडा अंधारात, आणि कागदावर सगळीकडे लाईट! तो म्हणाला, ओटीपी नसेल तर हा जोडही काढावा लागेल. "मलापण घरी जायचंय मॅडम, सहा दिवस झाले." डोळे लाल होते त्याचे.

शशिकांत, खाट आणि मशीन अजून आनंदीबाईंच्या जनरेटरवरच आहेत. जाऊन शशिकांतला विचारलं. तो म्हणाला, "काढू दे जोड."

वायरमनला चहा दिला. ओटीपी तीनदा येऊन गेला. सांगितला नाही.

आता तो ओट्यावर बसून ट्रान्सफॉर्मरच्या गाडीला फोन लावतोय.