आराखड्याबाहेरची तक्रार

मी, श्रीमती कमळा गुरुप्रसाद मयेकर, वय वर्षे ७१, धंदा आंबा कॅनिंग, राहणार मालगुंड, तालुका व जिल्हा रत्नागिरी, माझ्यामागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. डोके ठिकाणावर आहे आणि स्मरणशक्ती शाबूत आहे; ती थोडी कमी असती तर बरे झाले असते. वकिलांनी कलम चार गाळायला सांगितले होते, म्हणून त्यांच्याकडे टाइप करायला दिले नाही. पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. मालगुंडचे चिरेबंदी राहते घर, सभोवतीच्या अकरा हापूस आणि दोन पायरीच्या कलमांसह, माझा मुलगा शुभंकर याला मिळावे. उन्हाळ्यात आपल्या विहिरीचे पाणी शेजारी नेतात, ते त्याने अडवू नये. दागिने सूनबाईंनी ठेवावेत किंवा मोडावेत, त्यांची मर्जी.

२. माझ्या पतींचे रसाची गोडी मोजायचे यंत्र आमचा जुना कामगार बाबल्या याला द्यावे. रसाच्या रंगावरून तो गोडी सांगतो आणि यंत्र मागाहून त्याला दुजोरा देते. निदान यंत्र तरी त्याच्या मालकीचे असू दे.

३. माझे दीर भिकाजी यांना कारखान्याच्या कचेरीतली पितळी ढाल द्यावी. माझे पती २०१४ साली गेले. तेराव्याला, पंगत उठायच्या आत, भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले, "कारखाना विकून टाका. बाईमाणसाच्या हातात वाफ टिकत नाही." मी घरी बसून पाच वर्षांचा आराखडा लिहिला. पहिल्या वर्षी स्वतःच्या नावाचा डबा, दुसऱ्या वर्षी शीतगृह, तिसऱ्या वर्षी नवी पॅकिंग लाइन, चौथ्या वर्षी परदेशात माल पाठवणे, पाचव्या वर्षी नवा बॉयलर. एका वर्षी एकच मोठे काम. दर सोमवारी दहा वाजता बैठक, बैठकीचे रजिस्टर, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. आराखडा ठरल्या दिवशी पुरा झाला. २०२० च्या फेब्रुवारीत उद्योजकांच्या एका संमेलनात "नियोजन कसे राबवावे" यावर माझे भाषण झाले आणि ही ढाल मिळाली. ती मी भावोजींसाठीच मिळवली होती. त्यांची त्यांना पोचावी.

४. आता हे कलम.

दादू धनावडे आमच्या बॉयलरवर एकोणीस वर्षे होता. ९ एप्रिल २०१८ च्या बैठकीत, आंब्याचा हंगाम तोंडावर असताना, त्याने हात वर केला. दाराजवळच्या स्टुलावर बसायचा, बोलायच्या आधी शाळेतल्या पोरासारखा हात वर करायचा.

"वैनी, सेफ्टी वॉल्व अडकतो हाय. ठोकल्याबिगर सुटत नाय. बॉयलर यंदाच बदलूया."

मी म्हटले, "दादू, बॉयलर पुढच्या वर्षी. आराखड्यात तसंच आहे."

"मग निदान वॉल्व तरी?"

"त्यासाठी कारखाना चार दिवस बंद ठेवावा लागेल. ऐन हंगामात? एक काम मागंपुढं केलं की सगळंच घसरतं. पुढचा विषय."

तक्रार त्याने रजिस्टरात स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि सही केली. त्यानंतर तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. १७ मे रोजी दुपारी वॉल्व सुटला नाही आणि वाफेची नळी फुटली. दादूने दोन बायकांना बाहेर ढकलले आणि स्वतः आत अडकला. नऊ दिवस जगला. मी दवाखान्यात दोनदा गेले, पण त्याच्या तोंडासमोर उभी राहिले नाही. बाहेरच्या बाकावरून परत आले.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारले, "आधी कोणी तक्रार केली होती?" मी "नाही" म्हटले. बैठकीत ऐकलेली माणसे माझ्या पगारावर होती, ती पुढे आली नाहीत; दोष दादूच्या हलगर्जीपणावर गेला. रजिस्टरातले ते पान मी आदल्याच दिवशी फाडले होते, जाळायला मात्र हात धजला नाही. ते या मृत्युपत्राला जोडले आहे.

कारखाना तीन आठवडे बंद राहिला. आराखड्यात दिरंगाईसाठी महिनाभर राखून ठेवला होता, त्यात ते बसले. हे वाक्य मी तेव्हा बैठकीत मोठ्याने म्हटले होते.

मी भुताखेतांना मानणारी नाही. तरीही लिहिते. कारखाना पुन्हा सुरू झाला त्या पहिल्या सोमवारपासून दादू बैठकीला येतो. ओल्या सुती कापडाला वाफ लागल्यावर येतो तसा वास आधी येतो. मग तो स्टुलावर दिसतो, अंगावर भाजल्याची खूण नसते. तो काही मागत नाही, बोलत नाही. हात वर करतो. मी पुढचा विषय घेते. त्या स्टुलावर मी कोणाला बसू देत नाही, म्हणून नवी माणसे मला शिष्ट समजतात. सात वर्षे झाली. एकही सोमवार त्याने चुकवलेला नाही.

५. कॅनिंगचा कारखाना, जमीन, यंत्रे आणि नाव यांचा अर्धा हिस्सा शुभंकरला आणि अर्धा दादूची मुलगी वेदिका हिला मिळावा. वेदिका चार वर्षे आमच्या तपासणी विभागात आहे आणि माझ्या मेहेरबानीने नाही, स्वतःच्या शिक्षणावर आहे.

हे लिहिण्यापूर्वी मी दादूची बायको शेवंती हिच्या घरी गेले आणि पान तिच्या हातात दिले. तिला वाचता येत नाही, पण सही तिने ओळखली. सही बोटाने चाचपत ती बसली, मग तिने पान परत दिले.

मी म्हटले, "अर्धा कारखाना वेदिकाच्या नावावर करते."

"कधी?"

"माझ्यामागे."

शेवंती म्हणाली, "तुम्ही मेल्यावर काय तो कागद बोलनार? त्याला हलगर्जी म्हनलात ते चार लोकांत. आता खरं काय तेपन चार लोकांतच सांगा, जितेपनी. मग कारखान्याचं काय ते वेदिका बघील."

तिने मला चहा विचारला नाही. ते बरोबरच होते.

६. त्याप्रमाणे सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५ रोजी मी बैठकीत ते पान वाचले आणि चौकशीत खोटे बोलल्याचे सांगितले. तसा लेखी जबाब मी चौकशी अधिकाऱ्यांकडेही पाठवला आहे. जी शिक्षा होईल ती भोगेन. शुभंकर म्हणाला, "आई, तू मलाही सांगितलं नाहीस," आणि उठून गेला. तो तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही. वेदिका तपासणीच्या टेबलाशी पाठमोरी उभी राहिली. तिने काय ठरवले ते मला माहीत नाही. स्टुलाकडे मी पाहिले नाही. तेवढे धैर्य नव्हते.

मग बाबल्या म्हणाला, "बाई, रस काढायच्या पल्परचा पट्टा उघडा हाय. दोन वर्सं झाली. मागल्या हंगामात माझी बाही गेली त्यात."

मी विचारले, "सांगितलं का नाहीस?"

"आराखड्यात नव्हता."

मग दुसरी बोलली, तिसरा बोलला. वायर, जिना, मागचे कुलूपबंद दार. दुपारी एकपर्यंत सतरा तक्रारी लिहून झाल्या. गेल्या सात वर्षांच्या रजिस्टरांत एकही तक्रार नाही, आणि गाडी रुळावर असल्याची ती खूण म्हणून मी भाषणांत सांगत आले होते.

त्या सतरा दुरुस्त्या माझ्या नावच्या सर्व ठेवी मोडून उद्यापासून सुरू कराव्यात. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

हे वाचून, समजून मी सही केली.

कमळा गुरुप्रसाद मयेकर

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली; लिहून देणार पूर्ण शुद्धीवर होत्या:
१. डॉ. उझमा मुकादम, मालगुंड
२. दर्शन विलणकर, निवृत्त पोस्टमास्तर, मालगुंड

ठिकाण : मालगुंड, जि. रत्नागिरी
दिनांक : ९ ऑक्टोबर २०२५

सोबत : रजिस्टराचे पान एक. तक्रारींची यादी, पाने तीन.