मार्विनची जागा

मडगाव

सौ. साळूबाईस, गेनूचा आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. मी बरा आहे. म्हैस व्याली का?

आपल्या नातवाला, कुमारला, संघात मधल्या फळीत जागा मिळाली. ती होंडुरासच्या मार्विनची होती. देशोदेशी फुटबॉल खेळलेला पोर, पण माझ्या हातची भाकरी मागून खायचा. सरावात त्याचा गुडघा गेला आणि क्लबाने करार तोडून त्याला घालवून दिलं. निघताना पाया पडून कुमारकरवी म्हणाला, "आजोबा, आता बापाच्या शेतात मका लावीन."

कुमारसाठी जागा मोकळी होऊ दे, असा मेंगाईदेवीला नवस बोल, हे मीच तुला कळवलं होतं. अशी मोकळी कर म्हणून नव्हतं कळवलं.

तू बोलली होतीस का? बोलली असशील तर नवस फेडायचा कोणत्या तोंडाने? काय ते लवकर कळव.